नळ, नाला आणि गोळी

हुबळीत ज्या गल्लीला रोज पाणी येत नाही, तिथं नळाची बोली सगळ्यांना कळते. आधी तोटीतून हवा फुसफुसते, मग दोन-चार उचक्या येतात, मग गढूळ धार येते आणि थोड्या वेळानं निवळ पाणी. पहिली धार कुणी पिण्यासाठी धरत नाही. ती सडा घालायला जाते, नाहीतर न्हाणीतल्या बादलीत. हे शाळेत शिकवलेलं नसतं. आईकडून नाहीतर सासूकडून आलेलं असतं.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन या दोघी अभियंत्यांनी हुबळी-धारवाडच्या नळांचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं. रिकामी पडलेली वाहिनी पुन्हा भरते, त्या वेळच्या पहिल्या धारेत जंतू जास्त सापडतात, असं त्यांच्याही नोंदींत आलं. सासूबाईंचा अनुभव आणि प्रयोगशाळेतली मोजणी एकाच नळापाशी येऊन एकच गोष्ट सांगत होत्या.

एरवी या अनुभवाची आणि मोजणीची गाठ पडत नाही. प्रयोगशाळेतला माणूस बाटलीतलं पाणी बघतो, पण ती बाटली ज्या घरातून आली ते घर त्याला दिसत नाही. घरातल्या बाईला पाण्याची चव, रंग, वास कळतो. त्यात वाढणारा जंतू दिसत नाही. आज आपल्यासमोर असा प्रश्न उभा आहे की, ही गाठ घालून दिल्याशिवाय तो सुटणार नाही. हा प्रश्न आहे औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा. शास्त्रीय भाषेत त्याला प्रतिजैविक-प्रतिरोध म्हणतात. डॉक्टर घरच्यांना सांगतात ते वाक्य जास्त नेमकं आहे : "इन्फेक्शन औषधाला दाद देत नाहीये."

२०१९ या एका वर्षात अशा प्रतिरोधामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, आणि सुमारे साडेएकोणपन्नास लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एवढा मोठा आकडा वाचून मन बधिर होतं. म्हणून या प्रकरणात आपण एकाच जोडशहरात फिरणार आहोत. मराठी माणसाला धारवाड माहीत असतं ते बेंद्र्यांमुळे, जी. ए. कुलकर्णींमुळे, मल्लिकार्जुन मन्सुरांमुळे आणि पेढ्यामुळे. हुबळी माहीत असते ती गंगूबाई हनगलांमुळे आणि रेल्वेमुळे. आपण मात्र तिथल्या नळाशी, नाल्याशी आणि औषधाच्या दुकानाशी थांबू.

नळ

हुबळी आणि धारवाड यांच्यात वीसेक किलोमीटरचं अंतर आहे, पण १९६२ पासून दोन्हींची महापालिका एकच आहे. २०११ च्या जनगणनेत या जोडशहराची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. पिण्याचं पाणी मुख्यतः सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या धरणातून येतं, काही नीरसागर तलावातून. पाणी पुरेसं असो वा नसो, वर्षानुवर्षं ते पाळीनं सोडलं जात आलं. कधी तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. कुठल्या गल्लीला कधी पाणी मिळणार हे व्हॉल्व्हमनच्या हातात. २०१० च्या सुमाराला हुबळीत 'नेक्स्टड्रॉप' नावाची सेवा सुरू झाली. व्हॉल्व्हमन फोनवर कळवायचे आणि लोकांच्या मोबाइलवर निरोप यायचा की, तुमच्याकडे थोड्या वेळात पाणी येतंय. पाण्यासाठी बाईला कामावर रजा टाकावी लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या निरोपाची किंमत कळेल.

याच शहरात २००७-०८ च्या सुमाराला एक मोठा बदल झाला. जागतिक बँकेच्या मदतीनं कर्नाटक सरकारनं हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथल्या निवडक वॉर्डांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रकल्प राबवला. हुबळी-धारवाडच्या जवळपास एक दशांश लोकांना नव्या वाहिन्यांतून अखंड पाणी मिळू लागलं. उरलेलं शहर जुन्या पाळीवरच राहिलं. एकाच शहरात, एकाच नदीचं पाणी पिणारे दोन गट तयार झाले. असा योग संशोधकांना सहसा मिळत नाही.

कुंपेल आणि नेल्सन यांनी दोन्हीकडच्या तोट्यांचं पाणी घेतलं. पाळीनं पाणी येणाऱ्या भागात ३१.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू सापडला. चोवीस तास पाणी असलेल्या भागात तो ०.७ टक्के नमुन्यांत होता. कारण साधं आहे. वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असली, तर भेगेतून पाणी बाहेर गळतं. वाहिनी रिकामी झाली की त्याच भेगेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. जमिनीखाली नळाची आणि गटाराची वाट जवळजवळच असते.

आयशे एर्जुमेन या संशोधिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर दोन्ही प्रकारच्या आठ-आठ वॉर्डांतल्या, लहान मुलं असलेल्या ३,९२२ घरांना पुनःपुन्हा भेटी दिल्या. तोटीचं पाणी एवढं शुद्ध झालं, तर मुलांचे जुलाब धडाधड कमी व्हायला हवेत. तसं झालं नाही. साध्या जुलाबांत दोन्हीकडे फरक पडलाच नाही. रक्ताची हगवण मात्र चोवीस तास पाण्याच्या भागात ३७ टक्क्यांनी कमी होती, आणि टायफॉइड झाल्याचं सांगणारी घरं ४२ टक्क्यांनी कमी होती.

तोटीत जंतू नाहीत, तरी जुलाब का थांबेनात? या प्रश्नाशी प्रयोगशाळेची वाट संपते आणि स्वयंपाकघराची सुरू होते. चोवीस तास पाणी येऊनही कित्येक घरं पाणी भरून ठेवतच होती. झॅकरी बर्ट आणि ईशा राय यांनी याच शहरात या सवयीचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच पाणी साठवणं आणि बिल न भरणं या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, कारण दोन्हींचा संबंध पाणीपुरवठ्याशी असलेल्या माणसांच्या नात्याशी आहे. ज्या बाईनं वीस वर्षं नळाची वाट पाहिली, ती एका वर्षात पिंप रिकामं ठेवायला धजत नाही. उद्या पाणी जाणारच नाही, हे तिला कुणी सांगावं? आणि पिंपात पाणी आलं की त्यात पेला बुडतो, पेल्याबरोबर बोटं बुडतात. जुन्या घरांत पिण्याच्या पाण्यासाठी लांब दांड्याचं ओगराळं असायचं. बोटं पाण्याला लागू नयेत एवढंच त्याचं काम. ते ओगराळं कुठल्याही औषधाइतकंच गंभीरपणे घ्यायला हवं.

गोळी

टायफॉइड झालेली घरं ४२ टक्क्यांनी कमी, याचा दुसरा अर्थ असा की, तेवढ्या घरांत टायफॉइडसाठीचं अँटिबायोटिक आलं नाही. त्या अभ्यासात औषधं मोजलेली नव्हती. हे गणित मी मांडतो आहे. पण ते टाळता येत नाही. अँटिबायोटिक जपून वापरा, असं आपण डॉक्टरांना, दुकानदारांना, रुग्णांना सांगत असतो. ज्यामुळे ते वापरायची वेळच येत नाही, त्या नळाला मात्र आपण औषधांच्या हिशेबात धरत नाही.

टायफॉइडची गोष्ट प्रतिरोधाची एक-एक पायरी दाखवते. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आलं आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवणारा ताप काही दिवसांत उतरू लागला. १९७२ मध्ये केरळात कालिकतला आणि त्याच वर्षी मेक्सिकोत त्याला दाद न देणारा टायफॉइड पसरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकाच जंतूवर तीन-तीन जुनी औषधं निकामी झाली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातली औषधं आली. तीही भारतात बोथट झाली. आता भिस्त आहे सेफ्ट्रियाक्झोनच्या इंजेक्शनवर आणि अझिथ्रोमायसिनच्या गोळीवर. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरात सेफ्ट्रियाक्झोनलाही न जुमानणारा टायफॉइड दूषित पाण्यातून पसरला. तोंडानं घेण्याजोगं कामाचं औषध तिथं जवळपास एकच उरलं.

यात एक दिलासा देणारी गोष्टही आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर वर्षानुवर्षं कमी झाला, तेव्हा भारतातल्या टायफॉइडच्या जंतूंत त्याला पुन्हा दाद देणारे वाढले. जंतूला प्रतिरोधाचं ओझं वाहायला कष्ट पडतात. औषधाचा दबाव हटला की पुष्कळदा तो ते ओझं टाकतो. नेहमीच असं होत नाही, पण वाट पूर्ण बंद झालेली नाही.

जंतू औषध चुकवतो कसा, हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतं. हुबळीचं वैद्यकीय महाविद्यालय १९५७ मध्ये सुरू झालं. लोक त्याला 'किम्स' म्हणतात. तिथं किंवा कुठल्याही मोठ्या रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या खोलीत बशीएवढ्या काचेच्या ताटल्या असतात. त्यांत समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगारचा, गव्हाळ रंगाचा थर असतो. रुग्णाच्या रक्तातून किंवा लघवीतून वाढवलेला जंतू कापसाच्या बोळ्यानं त्यावर सगळीकडे सारवतात, अगदी अंगण सारवावं तसा. मग वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या, सहा मिलिमीटर व्यासाच्या कागदी टिकल्या अंतरा-अंतरावर ठेवतात आणि ताटली रात्रभर उबेत ठेवून देतात. सकाळी जंतूंची पांढुरकी साय सगळीकडे पसरलेली दिसते. जी औषधं चालतात त्यांच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल खळं असतं. जी चालत नाहीत तिथं साय थेट टिकलीला जाऊन भिडलेली असते. तंत्रज्ञ पट्टी घेऊन खळ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतो. डॉक्टरच्या हातात पडणाऱ्या अहवालातल्या प्रत्येक ओळीमागे असं एक खळं असतं.

टिकलीला भिडणाऱ्या जंतूकडे निरनिराळ्या युक्त्या असतात. कुणी औषध तोडणारं विकर तयार करतो, कुणी आत शिरलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतो, कुणी औषध ज्या जागी चिकटतं ती जागाच बदलतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, ही युक्ती तो शेजाऱ्याला देऊ शकतो. जंतूंच्या पेशीत प्लास्मिड नावाची जनुकांची छोटी कडी असते. दोन जंतू जवळ आले की तिची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. म्हणून माणसाच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलायदेखील महत्त्वाचा ठरतो. तो स्वतः आजारी पाडणार नाही, पण ही कडी सांभाळून ठेवील आणि पुढे टायफॉइडच्या जंतूला देईल.

आता प्रयोगशाळेतून बाहेर येऊ. समजा, हुबळीत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईला तीन दिवस ताप आहे. आज कामावर गेली नाही तर आजचे पैसे गेले. उद्याही गेली नाही तर कदाचित कामाचं घरच सुटेल. सरकारी दवाखान्यात अर्धा दिवस रांगेत जाणार. रक्ताची खरी तपासणी, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणं, त्याला काही दिवस लागणार. गल्लीतल्या दवाखान्यात विडाल चाचणी लगेच होते, पण ती मुळात १८९६ सालची आहे. जिथं टायफॉइड कायमचाच असतो तिथं एका विडालवर विसंबणं चुकीचं ठरतं. टायफॉइड नसतानाही ती 'आहे' म्हणू शकते. शेवटी ती बाई औषधाच्या दुकानात जाते आणि म्हणते, "चांगली पॉवरची गोळी द्या, उद्या कामावर जायचंय."

तिला दोष द्यायचा असेल तर तो कुठल्या वाक्याला द्यायचा?

लॉरी डेनियर विलिस आणि क्लेअर चँडलर या मानववंशशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये मांडलं की, अँटिबायोटिक हा आज सगळ्या जगात तात्पुरता इलाज झाला आहे. काळजी घ्यायला वेळ नाही, तिथं गोळी. कामाला खाडा परवडत नाही, तिथं गोळी. स्वच्छतेची सोय नाही, तिथं गोळी. विषमतेनं जे जे मोडलं त्याला गोळीचा टेकू. आपल्या बाईच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. तिच्या गोळीनं तीन कामं केली : रजेचं, तपासणीचं आणि स्वच्छ पाण्याचं. चौथं काम, म्हणजे जंतू मारायचं, तिनं केलं की नाही कुणास ठाऊक. ताप विषाणूचा असला, तर ते काम तिथं नव्हतंच.

चिठ्ठी लिहिणाऱ्यांचं काय? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईच्या झोपडपट्टीतल्या १०० खासगी डॉक्टरांना क्षयाचे उपचार लिहायला सांगितले, तेव्हा ८० वेगवेगळे उपचार निघाले. जवळपास वीस वर्षांनी झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत १०६ डॉक्टरांना तेच विचारलं. ६३ वेगवेगळे उपचार आले आणि बरोबर चिठ्ठी सहाच जणांना लिहिता आली. हिंदुजा रुग्णालयातल्या याच उदवाडियांनी काही काळानं, कुठल्याही उपलब्ध औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईत सापडल्याचं जगाला कळवलं. त्या दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

आणखी एक पाहणी मला फार आशेची वाटते. श्रीनाथ सत्यनारायण, मधुकर पै आणि सहकाऱ्यांनी, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या ६२२ औषध-दुकानांत प्रशिक्षित माणसांना रुग्ण म्हणून पाठवलं. नुसती क्षयाची लक्षणं सांगणाऱ्याला ३७ टक्के वेळा अँटिबायोटिक मिळालं. क्षयाचा तपासणी-अहवाल हातात घेऊन गेलेल्याला १६ टक्के वेळा. दुकान तेच, दुकानदार तेच, कायदा तोच. बदलला तो एक कागद. आजार काय आहे हे कळल्यावर दुकानदारानंही हात आखडता घेतला आणि पुष्कळांना डॉक्टरकडे पाठवलं. क्षयाची औषधं तर कुणीच परस्पर विकली नाहीत. माणसाला लोभी किंवा अडाणी ठरवण्याआधी, त्याच्या हातात निर्णय घेण्यापुरती माहिती होती का, एवढं विचारावं.

भारतात १ मार्च २०१४ पासून निवडक महत्त्वाच्या अँटिबायोटिकांना 'एच-वन' अनुसूची लागू आहे. दुकानदारानं चिठ्ठी पाहून नोंद ठेवायची. २०१६ पासून पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम आहे : लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही गोष्टी हव्यातच. पण लाल रेघ त्या बाईला उद्याची मजुरी देत नाही.

नाला

शहरात आलेलं पाणी शहराबाहेर जातं. हुबळीचं सांडपाणी उणकलच्या बाजूनं बिडनाळकडे वाहतं आणि पुढे बेण्णीहळ्ळाला मिळतं. 'हळ्ळ' म्हणजे कानडीत ओढा. बेण्णीहळ्ळ पुढे जाऊन मलप्रभेला मिळतो. म्हणजे शहर मलप्रभेचं पाणी सौंदत्तीला उचलतं आणि आपल्या पोटातून, न्हाणीतून, दवाखान्यांतून गेलेलं पाणी खाली त्याच नदीला परत करतं.

या नाल्याकाठी बिडनाळ, गब्बूर, कटनूर, मावनूर अशी गावं आहेत. धारवाडच्या बाजूला मडिहाळ. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे सी. एस. हुनशाळ आणि वेल्समधले अँड्र्यू ब्रॅडफर्ड व रॉबर्ट ब्रूक यांनी तिथल्या सांडपाण्यावरच्या शेतीचा अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही शहरांतून तेव्हा दिवसाला सुमारे सहा कोटी लिटर सांडपाणी निघत होतं. ते उचलून शेतकरी बारमाही भाजी काढत होते. बोअरवेल खोदायला पैसा नाही, खणली तरी पाणी लागेल याची खात्री नाही. नाला मात्र आटत नाही. वर त्यात खताचा अंश फुकट. उन्हाळ्यात भाजीला पावसाळ्याच्या तिप्पट ते पाचपट भाव मिळतो. अगदी गरीब घरं या पाण्यावर उभी राहिली, असं त्या अभ्यासानं आदरानं नोंदवलं.

त्याच अभ्यासानं हेही नोंदवलं की, शेतांच्या मातीवर वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पडलेल्या होत्या. दवाखान्यांचा कचरा गटारात, गटार नाल्यात, नाला वाफ्यात. मेथीच्या वाफ्यात अनवाणी बसून खुरपणाऱ्या बाईच्या पावलापाशी सुई. हे दृश्य मनातून हलत नाही, कारण त्यात सगळं एका ठिकाणी आलं आहे. सुई जिथून आली तिथून औषधाचा अंशही आला, दवाखान्यातला कणखर जंतूही आला. माणसाच्या पोटातून पुष्कळ अँटिबायोटिकांचा मोठा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणजे नाल्यात जंतूही आहेत, त्यांची प्लास्मिडंही आहेत आणि त्यांना निवडून काढणारं पातळ औषधही आहे. आपण प्रयोगशाळेत ताटली लावतो, तशी ही किलोमीटरभर लांबीची ताटली आहे.

पाण्यातून असं घडतं याचे दाखले देशात आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टिमथी वॉल्श आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत रस्त्यावर साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. एनडीएम-१ हे, कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांना निकामी करणारं जनुक पहिल्यातल्या ५१ आणि दुसऱ्यातल्या २ नमुन्यांत मिळालं. २००७ मध्ये योआकिम लार्सन यांनी हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवलं.

नाल्याकाठी गुरंही असतात. धारवाडी म्हैस ही या भागाची ओळख आहे आणि धारवाडचा पेढा दुधावरच उभा आहे. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजून घट्ट झाली, तर अँटिबायोटिक द्यावंच लागतं. पण त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध विकू नये, असा नियम आहे. रोजचं दूध ओतून देणं ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी हा नियम केवळ छापलेला राहतो. २०१९ मध्ये भारतानं कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली. हा चांगला निर्णय होता. तसाच, उपचारांच्या काळातल्या दुधाची भरपाई दूध संघानं द्यावी, असा निर्णय का होऊ नये?

दोन वह्या, एक दिवस

आतापर्यंत जे पाहिलं त्यात एक धागा आहे. एर्जुमेन घरोघरी गेल्या नसत्या, तर तोटी शुद्ध म्हणजे आजार संपला असं सगळ्यांनी मानलं असतं. हुनशाळांनी शेतकऱ्यांचा हिशेब विचारला नसता, तर नाल्यावरची शेती बंद करा एवढाच शहाणपणा सुचला असता आणि गरीब घरं उपाशी पडली असती. उलट, पाणी बाटलीत भरून तपासलंच नसतं, तर सगळी चर्चा सवयींवर आणि अज्ञानावर संपली असती. एका हातात माणसांची वही आणि दुसऱ्या हातात जंतूंची, आणि दोन्हींवर तारीख एकच, अशी मांडणी हवी.

हुबळी-धारवाडात हे करायला लागणारं सगळं आहे. वैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा आहे. कृषी विद्यापीठ आहे. कर्नाटक विद्यापीठात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवलं जातं. घरोघरी ओळख असलेल्या आशा कार्यकर्त्या आहेत. चोवीस तास पाण्याचा एक वॉर्ड घ्यावा, पाळीच्या पाण्याचा एक, आणि नाल्याकाठचं एक गाव. वर्षभर, ऋतुनिहाय, त्याच घरात त्याच दिवशी तोटीचं पाणी, पिंपातलं पाणी, वाफ्यातली मेथी, गोठ्यातलं शेण आणि घरातल्या माणसांच्या आतड्यातला ई. कोलाय तपासावा. त्याच दिवशी विचारावं : गेल्या महिन्यात कुणाला ताप आला? कोणती गोळी आणली, कुठून, किती दिवसांची? किती खाडे झाले? गोळी पुरी का घेतली नाही? उत्तरं कानडीत येतील, मराठीत येतील, उर्दूत येतील. ती त्याच भाषेत लिहून घ्यावीत. कारण भाषांतर करताना 'पॉवरची गोळी' हा शब्द 'अँटिबायोटिक' होतो आणि त्यातली निकड हरवते. ती पॉवर तिला जंतूविरुद्ध नको असते. उद्या सकाळी उभं राहण्यासाठी हवी असते.

अशा पाहणीचे निष्कर्ष आधी त्या घरांना सांगावेत, मग नियतकालिकांना. ज्या नाल्याची वही केली, त्या नाल्याकाठच्या बाईला तिच्या मेथीत काय सापडलं हे कळायला नको? कळलं तर ती उपायही सांगेल : तोडणीआधी काही दिवस पाणी बंद ठेवणं, पालेभाजीऐवजी शिजवून खायची भाजी घेणं, बाजारात नेण्याआधी निवळ पाण्यात धुणं. यातलं पुष्कळ तिला करता येण्याजोगं आहे, मात्र निवळ पाणी तिच्यापर्यंत आलं तर.

काही कामं पाहणीची वाट न बघता करण्याजोगी आहेत. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस दिली; सरकारी यंत्रणेतून ती देणारी ती पहिली ठरली. लसीनं टायफॉइड टळला की त्याची गोळीही टळते. दवाखान्यांच्या सुया गटारात जाऊ नयेत, यासाठी कुठल्या संशोधनाची गरज नाही. वॉर्डातल्या दवाखान्यात खऱ्या तपासणीची सोय आणि तिचा अहवाल लवकर मिळण्याची हमी, यानं दुकानदाराचा हात कसा थांबतो हे आपण पाहिलंच. आणि पाणी : सतत, दाबाखाली, सगळ्या वॉर्डांत.

हे शेवटचं काम सर्वांत महागडं आहे, म्हणून त्याला प्रतिरोधाच्या यादीत कुणी धरत नाही. मी ते पहिल्या ओळीत धरतो. नवं अँटिबायोटिक शोधायला वर्षानुवर्षं लागतात, आणि जंतू त्याला काही वर्षांत वाकवतात. भरलेल्या वाहिनीला मात्र जंतू वाकवू शकत नाही.

हुबळीतल्या त्या गल्लीत परत जाऊ. तिथं चोवीस तास पाणी आलं, असं धरू. तरी पहिलं वर्ष बाई पिंप भरत राहील. दुसऱ्या वर्षी कदाचित अर्धं भरेल. तिच्या पिंपाची ती घटत जाणारी पातळी हेही एक मोजमापच आहे, प्रयोगशाळेतल्या खळ्याच्या व्यासाइतकं नेमकं. दोन्ही आकडे एका वहीत लिहायला शिकलो, तर आपल्याला दिसेल की तिचा विश्वास वाढतो तशी गोळ्यांची गरज घटते. आणि एक दिवस ती तोटी उघडेल, पहिलीच धार पेल्यात धरेल आणि तापातून उठलेल्या लेकराला प्यायला देईल.